जीव लावून सांभाळणं पुरेसं का नसतं

पाळणाघरात काम करणाऱ्यांना आरोग्य आणि सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाला बसवलं, की पहिल्या तासाभरात कुणीतरी म्हणतंच, ‘आम्ही आमची पोरं वाढवली, आता आम्हाला काय शिकवता?’ प्रश्न रास्त आहे. तो उडवून लावणारं प्रशिक्षण तिथेच फसतं. जिने स्वतःची मुलं हातावर वाढवली आहेत, तिला भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं यांतला फरक कळतो, हट्टी मुलाला भरवता येतं, पडलेल्याला शांत करता येतं. हे कुठल्याही वर्गात शिकवून येत नाही.

पण घरी एक मूल सांभाळणं आणि एका खोलीत सात-आठ मुलं सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. चार वर्षांच्या मुलाला खेळायला दिलेला मणी रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाऊ शकतो. एकाला जुलाब झाले की दोन दिवसांत अर्धी खोली आजारी पडते. कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आईला पाठ असतं, तुम्हाला ते कुणीतरी सांगावं लागतं आणि तुमच्यानंतर येणाऱ्या ताईला तुम्ही सांगावं लागतं. शिवाय, सबंध दिवसभर सारखं लक्ष ठेवणं कुणालाच जमत नाही. एक मूल रडत असतं, दुसऱ्याला शू लागलेली असते, दारात पालक उभे असतात. अशा वेळी लक्ष विभागतंच, मग माया कितीही असो. प्रशिक्षणाचा सगळा भर इथेच असतो: जे आपण लक्ष आणि माया यांच्यावर सोडलेलं असतं, ते कामाच्या ठरलेल्या क्रमात बसवायचं, म्हणजे लक्ष हटलं तरी मूल सुरक्षित राहतं.

काय काय शिकवायचं याची यादी वेगवेगळ्या देशांत थोडीफार बदलते, गाभा मात्र सारखाच असतो. अमेरिकेत २०१४ साली बालसंगोपनाच्या सरकारी अनुदानाचा कायदा सुधारला गेला, तेव्हा त्यात हे विषय नावानिशी घातले गेले: संसर्ग रोखणं, बाळाची सुरक्षित झोप, औषध देणं, ॲलर्जी, इमारतीतले धोके, घातक पदार्थ ठेवण्याची पद्धत, बाळाला जोरात हलवण्याने होणारी इजा, आपत्तीची तयारी, प्रवास, प्रथमोपचार. सगळे विषय महत्त्वाचे आहेत, पण सगळे सारखे अवघड नाहीत. कपाटाला कुलूप लावा हे एका वाक्यात समजतं. काही गोष्टी मात्र आपल्या समजुतींच्या उलट जातात, म्हणून त्या नीट समजून घ्याव्या लागतात.

त्यातली पहिली म्हणजे झोप. मुलं झोपली की सांभाळणाऱ्यांना जरा श्वास घ्यायला मिळतो, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी हीच वेळ सर्वांत जपायची असते. धडधाकट बाळ झोपेत अचानक दगावतं आणि पूर्ण तपासणी करूनही कारण सापडत नाही, असे मृत्यू होतात. दोन ते चार महिन्यांच्या बाळांमध्ये त्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. एके काळी अनेक देशांत डॉक्टरच बाळाला पालथं झोपवायला सांगत. १९९२ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, म्हणजे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, हा सल्ला बदलला, १९९४ पासून तिथे बाळांना उताणं झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत या मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. नवं औषध नाही, यंत्र नाही. फक्त बाळाला पालथं न ठेवता उताणं ठेवायचं, एवढंच बदललं.

‘उताणं झोपवलं आणि दूध उलटून घशात गेलं तर?’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. घशाची रचना पाहिली की ती कमी होते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढावं लागेल. बाळ पालथं असताना नेमकं उलटं होतं: अन्ननलिका वर आणि श्वासनलिका तिच्याखाली.

पाळणाघरासाठी यात आणखी एक गोष्ट कळीची आहे. घरी कायम उताणं झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणी पालथं झोपवलं, तर धोका नेहमी पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही बराच वाढतो. हा ‘दुसरा कुणी’ बहुतेक वेळा सांभाळणारी व्यक्तीच असते, आणि तिने ते बाळ शांत व्हावं म्हणून प्रेमानेच केलेलं असतं. म्हणून प्रत्येक झोपेला पाठीवर, दुपारच्या अर्ध्या तासाच्या डुलकीलासुद्धा. गादी घट्ट आणि सपाट हवी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, आणि बाकी काहीही नको. उशी नको, सैल पांघरूण नको, मऊ खेळणी नकोत, कडेला लावायचे लोड नकोत. बाळ झोपाळ्यात किंवा गाडीतल्या सीटवर झोपलं तर उचलून सपाट गादीवर ठेवायचं. गरम होतंय का ते हातापायांवरून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघायचं. खोलीत बाळाचा चेहरा आणि श्वास दिसेल इतका उजेड असू द्यायचा. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की ठेवताना उताणं ठेवायचं, नंतर ते वळलं तर पुन्हा पुन्हा सरळ करायची गरज नसते.

पालक म्हणतात, ‘आमचा पोटावरच झोपतो, तुम्ही तसंच झोपवा.’ इथे सांभाळणाऱ्यांची पंचाईत होते, कारण पालकांना नाही म्हणणं जिवावर येतं. म्हणूनच चांगल्या पाळणाघरात हा नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगितलेला असतो, आणि अपवाद फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने होतो. ताईला वाद घालावा लागत नाही, नियम दाखवता येतो.

दुसरी गोष्ट घशात अडकण्याची. इथे आपले डोळे आणि कान दोन्ही फसतात. ठसका लागून जोरजोरात खोकणारं मूल पाहून आपण घाबरतो, पण खोकतंय म्हणजे हवा जातेय. अशा मुलाला खोकू द्यायचं, जवळ थांबायचं, पाठीवर थापट्या मारायची घाई करायची नाही. खरा धोका असतो तो गप्प झालेल्या मुलाला. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही, ओठ निळसर. श्वासनलिका पूर्ण बंद झालेलं मूल रडू शकत नाही, हाक मारू शकत नाही. म्हणून जेवताना ‘आवाज येईलच’ या भरवशावर पाठ फिरवणं चालत नाही. इंग्लंडच्या नियमांत मुलं खात असताना ती कर्मचाऱ्यांच्या नजरेच्या आणि ऐकण्याच्या टप्प्यात असलीच पाहिजेत असं स्पष्ट म्हटलं आहे, ते याचसाठी.

एक वर्षाच्या आतलं बाळ असं गप्प झालं तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या बोटांनी धरलेला, हात आपल्याच मांडीवर टेकवलेला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच ठोसे. नाही निघालं तर बाळाला उताणं करायचं, डोकं खालीच ठेवायचं, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाच दाब. पुन्हा पाच ठोसे, पुन्हा पाच दाब, वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ बेशुद्ध होईपर्यंत. बेशुद्ध झालं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करायचा. एक वर्षावरच्या मुलाला पाठीवरचे ठोसे आणि पोटावरचे दाब आलटून पालटून देतात. बाळाच्या पोटावर मात्र कधीही दाब द्यायचा नाही, आतले अवयव फाटण्याची भीती असते. आणि दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, कारण अडकलेली वस्तू आणखी आत सरकते. नेमकं हेच आपला हात पहिल्यांदा करायला जातो.

हे वाचून तुम्हाला समजलं असेल, पण वाचून हाताला येत नाही. बाळ हातावर पालथं घेताना जबडा कसा धरायचा, ठोसा किती जोरात द्यायचा, हे बाहुलीवर करून बघितल्याशिवाय कळत नाही. शिकवणारे सांगतात की पहिल्यांदा जवळजवळ सगळेच फार हळू मारतात, बाळाला लागेल म्हणून. शिवाय या पद्धती बदलतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाब देण्याची जुनी पद्धत आता शिकवायची नाही, त्याऐवजी एका तळहाताची टाच वापरायची. आणि मोठ्या मुलांना आधी पाच ठोसे पाठीवर, मग पाच दाब पोटावर. आधी शिकलेल्यांच्या हातात अजूनही दोन बोटंच बसलेली असणार. प्रमाणपत्राची मुदत संपते ती याचसाठी.

अडकण्याआधीचं काम ताटातच करता येतं. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करायची. आडवी कापली तर चकती गोलच राहते आणि घशात झाकणासारखी बसते. अख्खे दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलांना नकोतच. मुलांनी बसून खायचं, पळता पळता नाही. खाण्याच्या वस्तूंपलीकडे दोन गोष्टी विशेष जपा: फुटलेल्या फुग्याचा तुकडा, आणि रिमोट, घड्याळ, आवाज करणारी खेळणी यांतला बटणासारखा चपटा सेल. हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलसर जागी त्यातून वीज वाहायला लागते आणि दोन तासांत आतली त्वचा खोलवर भाजू शकते. मूल वरून बरं दिसत असलं तरी थांबायचं नाही, उलटी करवायची नाही, थेट रुग्णालयात न्यायचं.

हात धुण्याबद्दल सगळ्यांना वाटतं की हे आपल्याला येतंच. डायपर बदलण्याचा क्रम जवळून पाहिला की कळतं, चूक नेमकी कुठे होते. मूल डायपर बदलायच्या टेबलावर घेण्याआधी सगळं सामान हाताशी: नवा डायपर, पुसायचे कपडे, पिशवी, मलम कागदावर काढून ठेवलेलं. मलमाच्या डबीत घाणेरडं बोट घालायचं नसतं म्हणून ते आधीच काढतात. मूल वर असताना एक हात सतत त्याच्या अंगावर; काही विसरलं असेल तर मुलाला सोबत घेऊन जायचं, त्याला तिथे एकटं ठेवायचं नाही. पुढून मागे पुसायचं. घाण झालेलं सगळं झाकणाच्या डब्यात. मग हातमोजे उतरवायचे, नवा डायपर स्वच्छ हाताने बांधायचा. मग मुलाचे हात धुवायचे, ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मुलाने मधल्या काळात काय काय धरलं ते विसरतात. मूल खाली खेळायला गेलं की डायपर बदलायची जागा आधी साबणाने धुवायची, नंतर जंतुनाशक लावायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्यायचं. लावून लगेच पुसून टाकलं तर त्याचा उपयोग होत नाही, आणि मळावर लावलं तर मळाखालचे जंतू तसेच राहतात. सगळ्यांत शेवटी स्वतःचे हात, साबणाने, किमान २० सेकंद. हातमोजे घातले होते म्हणून ही पायरी चुकवायची नाही. सॅनिटायझर इथे साबणाची जागा घेत नाही: हाताला चिकटलेली घाण तो काढत नाही, आणि उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

आजारी मूल घ्यायचं की परत पाठवायचं, यावरून रोज सकाळी दारात ओढाताण होते. हिरवा शेंबूड हे मूल घरी ठेवायचं कारण नाही, पाळणाघरात निम्म्या मुलांना तो असतोच. बघायचं ते वेगळं: मूल रोजचं खेळणं-खाणं करू शकतंय का, त्याला लागणारी काळजी इतर मुलांकडे दुर्लक्ष न करता देता येईल का, आणि आजार इतरांसाठी धोक्याचा आहे का. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर तो तातडीचा प्रसंग समजायचा, वाट बघायची नाही. हेही लक्षात ठेवायला हवं की पुष्कळ आजार लक्षणं दिसण्याआधीच पसरायला लागतात. गोवराचं मूल अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून इतरांना लागण देऊ शकतं. म्हणून लसीकरणाच्या नोंदी ठेवणं ही कागदोपत्री कटकट वाटली तरी खोलीतल्या सगळ्यांत लहान, अजून लस न मिळालेल्या बाळाचं तेच कवच असतं.

आता ज्याबद्दल कुणी उघड बोलत नाही ते. बाळ रडत राहतं. खाऊ घातलं, कोरडं केलं, कडेवर घेऊन फिरवलं, तरी थांबत नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यांत रडणं वाढत जातं आणि पुढे हळूहळू उतरतं, यात बाळाचं किंवा सांभाळणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. पण तासभर तो आवाज कानात गेल्यावर चांगल्या, प्रेमळ माणसाच्याही डोक्यात राग चढतो. त्या क्षणी बाळाला धरून जोरात हलवलं जातं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात. डोकं पुढेमागे हिसकलं की मेंदूतल्या आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या तुटतात. काही सेकंदांत कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू. बाहेरून बहुतेक वेळा एकही खूण नसते.

प्रशिक्षणात इथे शिकवायची गोष्ट संयम ही नाही. संयम संपतो, हे गृहीत धरून काय करायचं ते शिकवायचं असतं: बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, खोलीतून बाहेर जा, दुसऱ्या ताईला हाक मारा, काही मिनिटं श्वास घ्या, मग परत या. रडण्याने बाळ मरत नाही. आणि ‘मला जरा सुटी द्या, माझं डोकं तापलंय’ असं म्हणणाऱ्या ताईला तिथल्या मुख्य बाईंनी ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणायला हवं. जिथे असं म्हटलं की नोकरीवर गदा येते, तिथे कितीही तक्ते भिंतीवर लावले तरी बाळं सुरक्षित नसतात. या लेखातलं एकच काही कुणी उचलायचं असेल तर मी हे उचला म्हणेन.

औषधांचं त्या मानाने सोपं आहे, फक्त काटेकोर हवं. बरोबर मूल, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पालकांची लेखी परवानगी, मूळ बाटली, आणि दिल्या दिल्या नोंद. नंतर लिहू म्हटलं की दुसरी ताई पुन्हा डोस देते. स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही, तो कधी लहान असतो कधी मोठा. ॲलर्जी असलेल्या मुलाला अचानक श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, मूल गळून गेलं तर डॉक्टरांनी दिलेलं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. खाजेची गोळी देऊन बघत बसायचं नाही. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, लोणी काहीही नको.

मुलं मोजणं हे फार साधं काम वाटतं. आत येताना, बाहेर जाताना, खेळून परतताना, नावं घेऊन, चेहरे बघून मोजायची. नुसता आकडा जुळला म्हणजे तीच मुलं आहेत असं नाही. आणि ठरलेल्या वेळेला मूल आलं नाही, पालकांचा निरोपही नाही, तर काही मिनिटांत फोन करायचा. कारण काय, तर मागच्या सीटवर झोपलेलं मूल पाळणाघरात सोडायचं विसरून पालक थेट कामावर गेले, असं खरंच घडतं. बंद गाडी झपाट्याने तापते आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. तो एक फोन मूल वाचवू शकतो.

पाण्याचंही असंच. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यात, बादलीतसुद्धा, बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता. वापरून झालं की बादली पालथी.

मुलाच्या अंगावरच्या खुणांकडे बघणं हाही प्रशिक्षणाचा भाग आहे आणि तो मनाला जड जातो. पळणाऱ्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर खरचटणं-टेंगूळ असणारच. पण अजून सरकूही न शकणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं, किंवा लहान मुलाच्या कानावर, मानेवर, पोटा-पाठीवर वळ दिसले, तर ते लिहून ठेवायचं आणि नेमून दिलेल्या व्यक्तीला कळवायचं. मुलाला खोदून विचारायचं नाही. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत टिपायचं. तपास करणं हे आपलं काम नाही, कळवणं आहे.

शेवटी प्रशिक्षण कसं असावं याबद्दल. फक्त पडद्यावर चित्रं दाखवून प्रमाणपत्र देणारं असेल तर ते नाकारा. बाहुली हवी, प्रत्येकाच्या हाताला यायला हवी. सीपीआरमध्ये बाळाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर दाबायची असते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि मुलांमध्ये हृदय बहुतेकदा श्वास थांबल्यामुळे थांबतं म्हणून तोंडाने श्वास देणंही तितकंच गरजेचं असतं. हे हाताने आणि तोंडाने करून बघायला लागतं. इंग्लंडमध्ये मुलं असतील तितका वेळ लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असलेली एक तरी व्यक्ती हजर असावी लागते, आणि ते दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. हाताची सवय मात्र तीन वर्षं टिकत नाही, काही महिन्यांतच उतरायला लागते.

त्यामुळे महिन्यातून एकदा, मुलं घरी गेल्यावर, दहा मिनिटांचा सराव ठेवा. मुख्य बाईंनी न सांगता विचारायचं: आता सहा महिन्यांच्या बाळाच्या घशात काहीतरी अडकून ते गप्प झालंय, बाळ कोण घेतंय, फोन कोण करतंय, पत्ता काय सांगायचा, बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत कोण नेतंय? एखाद्या प्रश्नाला सगळ्या ताई एकमेकींकडे बघायला लागल्या, तर त्या महिन्यात तेवढ्याच भागाचा सराव पुन्हा करायचा.